म्हस्कूच्या जीपची घरघर

मित्रांनो, मी एक जुना गिअरबॉक्स आहे, आणि सुरुवातीलाच सांगून टाकतो, मला बोलता येत नाही. आत्ता हे जे चाललंय ते मनातल्या मनात चाललंय, तुम्ही ऐकताय असं धरून. जन्मभर मला फक्त आवाज काढता आले. घरघर, कुरकुर, खडखड आणि फारच झालं तर कर्रर्र. एवढीच माझी बाराखडी. माझं सगळं सुखदुःख मला याच्यातच बसवावं लागलं.

सध्या माझा मुक्काम हसनाबादजवळच्या एका वस्तीवर, लिंबाच्या झाडाखाली आहे. पोटात तेलाचा थेंब नाही. एक पांढरी कोंबडी रोज सकाळी माझ्या पाठीवर चढते आणि सगळ्या वस्तीला हुकूम सोडते. पूर्वी मला राग यायचा. आता म्हणतो, चढ बाई, तेवढीच सोबत.

गिअरबॉक्स म्हणजे काय, हे तुमच्यापैकी किती जणांना ठाऊक आहे? इंजिनाला फक्त पळायचं कळतं. चाकांना मात्र कधी चढ चढायचा असतो, कधी चिखलातून निघायचं असतं, कधी मोकळ्या रस्त्यावर सुटायचं असतं. त्या दोघांची समजूत काढायला मध्ये मी बसलेलो असतो. ड्रायव्हर दांडी हलवून मला सांगतो, आता पहिला, आता दुसरा. मी माझी दातेरी चाकं तशी जुळवून देतो. सगळी ओढाताण माझ्या पोटात होते आणि लोक म्हणतात, वा, काय इंजिन आहे. दसऱ्याला बॉनेटला झेंडूचा हार पडतो, चाकाखाली लिंबू ठेवतात, स्टिअरिंगला हळदकुंकू लागतं. गाडीखाली वाकून मला कुणी बोटभर कुंकू लावलंय, असं एकदाही झालेलं नाही. नाव इंजिनाचं आणि मरण आमचं, दुसरं काय.

माझा जन्म दूरच्या एका मोठ्या कारखान्यात झाला. धातू वितळवून माझं कवच ओतलं. पोटातली चाकं कापली, भट्टीत लाल केली आणि तेलात बुडवून कडक केली. शाफ्ट आले, बेअरिंग आली, पितळेच्या चकचकीत रिंगा आल्या. शेवटी एका कामगाराने मला हाताने फिरवून पाहिलं, जरा वेळ कान दिला आणि माझ्या पाठीवर खडूने बरोबरची खूण केली. ती खूण पहिल्याच पावसात धुऊन गेली, पण मी ती विसरलो नाही.

पुढे मी एका जीपच्या पोटाखाली बसून जालन्याला आलो. नवीन जालन्यातल्या एका बियाणं कंपनीने ती जीप घेतली होती. साहेब लोक तिच्यातून खेडोपाडी बियाण्याचे प्लॉट बघायला जायचे. ते माझे चांगले दिवस. तेल वेळेवर बदललं जायचं. ड्रायव्हर अलगद हाताने गिअर टाकायचा. दिवसभर हिंडून आलो तरी माझ्या पोटातून एक हलकी गुणगुण तेवढी यायची. साहेब म्हणायचे, "गाडी लोण्यासारखी चालते." मला वाटायचं, असंच चालणार. पण नव्या गाड्या आल्या आणि आमची जीप कंपनीच्या आवारात मागच्या भिंतीला लागली. टायरमधली हवा गेली. सीटवर चिमण्यांनी काड्या आणून टाकल्या. मग एके दिवशी लिलावाची पाटी लागली.

लिलावाला बरीच माणसं आली. कुणी टायरला लाथ मारून बघितली, कुणी हॉर्न वाजवला, कुणी रंग खरवडून पाहिला. त्यांच्यात एक उंच, काटक माणूस होता. खांद्यावर घोंगडं, डोक्याला फेटा. त्याने कंपनीच्या माणसाला इंजिन चालू करायला सांगितलं, घोंगडं जमिनीवर अंथरलं, गाडीखाली शिरला आणि सरळ माझ्या अंगाला कान लावला. मी दचकलोच. इतक्या जवळ येऊन आजवर कुणी विचारपूस केली नव्हती.

बराच वेळ तो तसाच पडून होता. मग बाहेर येऊन म्हणाला, "पोट चांगलं हे हिचं. घेतो."

हा म्हस्कू. पिढ्यान्‌पिढ्या मेंढरं राखणाऱ्या घरातला. चराईचं रान कमी कमी होत गेलं, जिकडेतिकडे कुंपणाच्या तारा आणि शेडनेटचे मंडप उभे राहिले, तेव्हा मेंढरं विकून त्याने भाड्याने माणसं ने-आण करायला ही जीप घेतली. आजारी मेंढीच्या पोटाला कान लावायचा, आत रवंथ चालू आहे की पोट गप्प आहे ते ऐकायचं, ही त्याची लहानपणापासूनची रीत. गाडीलाही त्याने तीच लावली. दुसरी त्याला येतच नव्हती.

मित्रांनो, तुम्हाला खोटं वाटेल, पण त्या माणसाने माझी बाराखडी शिकून घेतली. थोडी त्याच्या कानाने शिकवली आणि थोडी हसनाबादच्या ओमप्रकाश मिस्तरीने. एकदा उभ्या गाडीत, गिअर न टाकताच, मी घरघरायला लागलो. म्हस्कू मला ओमप्रकाशकडे घेऊन गेला.

"क्लच दाबला की आवाज बंद होऊन राह्यला," म्हस्कू म्हणाला. "सोडला की परत सुरू."

ओमप्रकाशने हात पुसले. "मंग पुढलं बेअरिंग गेलं असंल, भाऊ. क्लच दाबला की गिअरच्या डब्यातलं फिरणं थांबतं, म्हणून आवाज थांबतो. आता उलटं ध्यानात ठेवा. दाबल्यावर आवाज सुरू झाला, तर डबा खोलायचा न्हाई. तो क्लचचा आजार."

म्हस्कूने ते ध्यानात ठेवलं. एकाच गिअरमध्ये आवाज आला तर त्याच चाकाचा दात दुखावलाय. गिअर टाकताना कर्रर्र झालं तर क्लच पुरता सुटत नाही, नाहीतर पितळी रिंगा झिजल्यात. आणि वेग वाढेल तसा हुंदका वाढत गेला तर तेल कमी झालंय. रिव्हर्समध्ये मी जरा रडतो, पण तो माझा जन्मजात सूर आहे, त्याला आजार समजू नका. हे सगळं म्हस्कूला पाठ झालं. मी नुसतं कण्हावं आणि त्याने म्हणावं, "थांब बापा, दुखतंय का? बघू." हा माणूस मला बापा म्हणायचा. मी त्याच्यासाठी कितीही चढ चढलो असतो.

मग त्याचं नाव झालं. नवीन जालन्यात रामनिवास शेठ म्हणून मिरचीचे व्यापारी आहेत. पिंपळगाव रेणुकाईच्या बाजारात हिरवी मिरची घ्यायला ते नेहमी या बाजूला यायचे. त्यांच्या गाडीत काहीतरी वाजत होतं. शहरात त्यांना गिअरबॉक्स खोलायला सांगितलं होतं. म्हस्कूने त्यांच्या गाडीत बसून दोनदा क्लच दाबला, सोडला आणि म्हणाला, "शेटजी, दाबल्यावर वाजून राह्यलं. डब्याला हात लावू नका. क्लचचं बेअरिंग तेवढं बदला." तसंच निघालं. शेठ खूश. तेव्हापासून त्यांनी बाजारभर सांगायला सुरुवात केली, "भाई, गाडी खरीदनी हो तो पहिले म्हस्कूभाऊंचा कान लावा."

लोक येऊ लागले. कुणी ट्रॅक्टर आणायचा, कुणी टेम्पो. म्हस्कू कान लावायचा आणि सांगायचा. त्या दिवसांत आमच्या जीपमध्ये बसणाऱ्याला कसली भीती नव्हती. काही बिघडलं तर म्हस्कूला आधी कळणार, हे सगळ्यांनी धरून ठेवलं होतं. आणि मित्रांनो, पुढचा सगळा घात याच विश्वासाने केला.

त्याआधी घोंगड्याची गोष्ट सांगायला हवी. जीपमध्ये माणसं कोंबून बसायची. पुढे ड्रायव्हरसकट चौघं. त्यातल्या एकाला माझी दांडी दोन्ही गुडघ्यांच्या मध्ये घेऊन बसावं लागायचं. गिअर टाकायचा म्हटलं की म्हस्कू म्हणायचा, "पाय सरकवा पाव्हणं." शिवाय मी पडलो तापट. वरचा पत्रा गरम व्हायचा, बसणाऱ्यांच्या तळपायांना चटके बसायचे. म्हस्कूच्या बायकोला, इंद्रायणीला, हे बघवेना. तिने घरातलं एक जाडजूड काळं घोंगडं फाडलं. त्याचा एक तुकडा माझ्यावरच्या पत्र्यावर दुहेरी घडी करून अंथरला आणि दुसरा दांडीला मुठीपर्यंत गुंडाळून दाभणाने घट्ट शिवून टाकला. त्यांच्याच मेंढरांच्या लोकरीचं घोंगडं ते. सगळ्यांना बरं वाटलं. म्हस्कूच्या हाताला मऊ लागायला लागलं. इंद्रायणीच्या मनात माया होती, याबद्दल माझी तक्रार नाही. पण त्या दिवसापासून माझं तोंड बांधलं गेलं. माझी थरथर दांडीतून त्याच्या तळव्याला कळायची, ती लोकरीतच जिरायला लागली. आवाजही निम्मा खालीच राहायचा. तरी म्हस्कूचा कान तेव्हा शाबूत होता, म्हणून निभावलं.

आणि मग तो कान जायला लागला.

हे एका दिवसात झालं नाही. आधी मागून येणाऱ्या गाड्यांचे हॉर्न त्याला ऐकू येईनासे झाले. मग मागच्या सीटवरून कुणी "थांबवा" म्हटलं की जीप चार घरं पुढे जाऊन थांबायची. कुणी काही विचारलं की तो नुसता "हाव, हाव" म्हणून मान हलवायचा. त्याचं त्यालाच कळत नव्हतं की कळून वळत नव्हतं, देव जाणे. मी खालून बघायचो, त्याला सगळं जग सुधारल्यासारखं वाटत होतं. एकदा इंद्रायणीला म्हणाला, "रस्ते आता बराबर केलेत सरकारनं. गाडी बिलकुल वाजत न्हाई."

इंद्रायणी त्याच्याकडे बघत राहिली. गाडी वाजत होती.

कारण तेव्हा मला खरंच दुखायला लागलं होतं. माझं मागचं सील फाटलं होतं. थेंब थेंब करून तेल जात होतं. जीप उभी राहायची तिथे मातीत काळा डाग पडायचा, पण तिथे पूर्वीचे इतके डाग होते की नवा कुणाच्या डोळ्यावर येईना. आधी मी गुणगुणीचा सूर वाढवला. म्हटलं, त्याला कळेल. मग हुंदके दिले. चौथ्या गिअरमध्ये मला थोडा आराम पडायचा, पण दुसऱ्या-तिसऱ्यात मी अक्षरशः गळा काढायचो. म्हस्कू फेट्याचं टोक खोचून शांतपणे पुढे बघत असायचा. मी त्याच्या पायांपासून वीतभर अंतरावर होतो, मित्रांनो. वीतभर. आणि मला त्याला हाक मारता येत नव्हती.

एका संध्याकाळी तर त्याने गाडी दारात उभी केली, इंजिन चालू ठेवलं आणि कितीतरी दिवसांनी गाडीखाली येऊन माझ्या अंगाला कान लावला. मला वाटलं, सुटलो. होतं नव्हतं ते बळ लावून मी घरघरलो. म्हस्कूच्या चेहऱ्यावर समाधान पसरलं. माझ्या पाठीवर थाप मारून तो म्हणाला, "लई गुणाचा हे बापा. एवढं वय झालं, पण आवाज न्हाई." आणि घोंगडं झटकून घरात निघून गेला. मी तसाच घरघरत राहिलो. इंद्रायणीने येऊन किल्ली फिरवली तेव्हा थांबलो.

मग रामनिवास शेठ पुन्हा आले. नवी गाडी, नवा आवाज. म्हस्कू गाडीत बसला आणि वस्तीला वळसा घालून आला. इंद्रायणी पाण्याचा तांब्या घेऊन दारात उभी होती. गाडी तिसऱ्या गिअरमध्ये आली की माझा तो नवा भाऊबंद किंचाळत होता. त्याच्या तिसऱ्या चाकाचा दात गेला होता. मला उभ्या जीपखालून कळलं, इंद्रायणीलाही ऐकू आलं. म्हस्कू खाली उतरला आणि म्हणाला, "बिलकुल बराबर हे, शेटजी. काही खर्चा करू नका."

"बस. तुम्ही म्हणालात ना, विषय संपला," शेठ म्हणाले.

पुढच्याच आठवड्यात ती गाडी जालन्याच्या रस्त्यात बंद पडली. मिरचीच्या बाजारात शेठ इंद्रायणीला भेटले. तिला वाटलं, आता हे बोल लावतील. ते म्हणाले, "म्हस्कूभाऊंनी तर बराबर म्हणून सांगितलं होतं. आमच्या मयंकनीच वाईट चालवली असणार. पोराला मी चांगलं खडसावलं." इंद्रायणीला शेठनी शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. ती घरी आली ती तडक म्हस्कूसमोर जाऊन बसली.

"जालन्याला जाऊन कान दाखवून येऊ एकदा," ती मोठ्याने म्हणाली.

"माझ्या कानाला काय झालं? सगळा तालुका माझ्या कानावर चालून राह्यला."

"गाडी वाजून राह्यली. तुम्हाला ऐकू येत न्हाई."

म्हस्कूचा चेहरा उतरला आणि मग कडक झाला. "आता तू मला गाडी शिकवून राह्यली का?" एवढं बोलून तो उठून गेला. दिवसभर जेवला नाही. पुन्हा तिने तो विषय काढला नाही. मी म्हणत होतो, बाई, हार मानू नको, तुझ्याशिवाय मला कुणी नाही. पण माझं म्हणणं म्हणजे काय, घरघर.

त्यात कपाशीच्या क्रॉसिंगचे दिवस आले. आमच्याकडे बियाण्याच्या प्लॉटवर बाया सकाळी जाऊन एकेका फुलाला हाताने पराग लावतात. ऊन चढायच्या आत ते काम उरकावं लागतं, म्हणून सगळ्यांना पोहोचायची घाई. म्हस्कूची जीप रोज सकाळी बायांनी भरून पिंपळगाव रेणुकाईच्या बाजूला जायची. इंद्रायणीही त्यांच्यात असायची. वाटेत एक लांब उतार आहे, उताराच्या टोकाला वळण आणि वळणावर अरुंद पूल. मला एकच भीती होती. तेल संपलं आणि उतारावर माझी चाकं एकमेकांत अडकून बसली, तर जीपची मागची चाकं जागच्या जागी जाम होतील. मग स्टिअरिंग कुणाच्या हातात राहात नाही. आणि आत इतक्या बाया.

बायांना आवाज ऐकू येत नव्हता का? चांगला येत होता. त्यांच्यातली सत्यशीला तोंडाची फटकळ, कुणाची भीड न ठेवणारी. ती रोज म्हणायची, "काय की बाई, खालून कुणी दळण दळून राह्यलं का?" सगळ्या हसायच्या. मग दुसरी कुणी म्हणायची, "म्हस्कूमामा बसलेत ना. काही असतं तर ते बोलले नसते का?" आणि सत्यशीलाही म्हणायची, "हाव, ते बी खरंच." आणि डबे मांडीवर घेऊन गप्पा पुढे चालू. जिच्या तोंडाला सगळा प्लॉट घाबरायचा, तीसुद्धा म्हस्कूच्या तोंडावर हे एकदाही बोलली नाही. ज्याला जास्त कळतं त्याला काय सांगायचं, असं तिला वाटलं. सगळ्यांनाच तसं वाटलं.

त्या दिवशी माझ्या पोटात तेल जवळजवळ उरलं नव्हतं. वस्तीवरून निघतानाच मी कर्रर्र केलं. पुढे सरकलो तसा माझा ताप वाढत गेला. धातू धातूवर घासून आत बारीक कीस पडत होता. इंद्रायणी माझी दांडी दोन्ही गुडघ्यांच्या मध्ये घेऊन बसली होती. पत्र्यावरचं घोंगडं तापलं आणि त्यातून वास यायला लागला. मेंढरं राखलेल्या माणसांना तो वास चटकन कळतो. लोकर करपल्याचा वास.

म्हस्कूने नाक वर केलं. "कुणाच्या शेतात काही जळून राह्यलं वाटतं," तो म्हणाला.

इंद्रायणीने खाली हात लावला आणि झटकन मागे घेतला. "ऐकलं का," ती म्हणाली. तो समोर बघत होता. "अवं, गाडी थांबवा." तो समोर बघत होता. पुढे उतार दिसायला लागला. तिने त्याचा दंड धरून हलवला. त्याला वाटलं, ती सावकाश चालवा म्हणते, म्हणून त्याने "हाव, हाव" म्हणून मान हलवली.

मी ओरडत होतो. माझ्याकडे होते नव्हते ते सगळे आवाज मी एकदम काढत होतो. मागच्या बायांच्या गप्पा थांबल्या.

तेव्हा इंद्रायणीने दांडीवरची शिवण धरली आणि दातांनी तोडली. स्वतःच घातलेली शिवण ती. घोंगडं ओरबाडून तिने बाजूला टाकलं, म्हस्कूचा डावा हात स्टिअरिंगवरून ओढला आणि उघड्या दांडीवर दाबून धरला.

मित्रांनो, कितीतरी महिन्यांनी त्याचा तळवा मला लागला. मी थरथरत होतो, दांडी मुठीत मावत नव्हती. म्हस्कूच्या चेहऱ्यावरचा रंग मी उतरताना पाहिला. त्याने काही विचारलं नाही. पाय ब्रेकवर गेला आणि उताराच्या तोंडाशीच जीप बाजूच्या मुरमावर जाऊन उभी राहिली. थांबता थांबता आत काहीतरी मोडलं. ते माझंच होतं.

"उतरा," म्हस्कू म्हणाला. "समद्याजणी खाली उतरा."

बाया उतरल्या. तो गाडीखाली आला आणि त्याने हात लावला. तळवा भाजला तरी त्याने हात काढला नाही. बाहेर येऊन तो रस्त्याच्या कडेला बसला. मग त्याने इंद्रायणीकडे बघितलं.

"कवापासून वाजून राह्यलं हे?"

तिने बोटं पुढे करून खूप दिवस झाल्याची खूण केली.

"हिचं म्या मनावर घेतलं न्हाई. पण बाकी कुणी कामून सांगितलं न्हाई?" तो बायांकडे वळला. "एवढ्या जणी रोज बसता. एकीनं बी सांगू नये?"

सत्यशीला त्याच्यासमोर येऊन बसली आणि त्याला ओठ दिसतील अशी सावकाश म्हणाली, "मामा, आम्हाला वाटलं, तुम्हाला कळतंच हे."

म्हस्कूने तिचं वाक्य डोळ्यांनी वाचलं. खांद्यावरच्या घोंगड्यात तोंड खुपसून तो रडला. मेंढरं विकली त्या दिवशीही तो रडला नव्हता, असं इंद्रायणी नंतर सांगायची. "मला ऐकू येत न्हाई," तो म्हणाला. "पुलावर तुम्हाला घेऊन गेलो असतो म्या. मला ऐकूच येत न्हाई." आपल्या तोंडाने तो हे पहिल्यांदाच म्हणत होता. इंद्रायणी त्याच्या पाठीवर हात ठेवून बसून राहिली. त्या दिवशी प्लॉटवर कुणी गेलं नाही. फुलं तशीच उन्हात कोमेजली.

ओमप्रकाशने मला खोलून बघितलं. दात काळे पडले होते, बेअरिंगचा भुगा झाला होता. "वेळेवर तेल पाह्यलं असतं तर काहीच झालं नसतं," तो म्हणाला आणि मग म्हस्कूकडे बघून हत्यारं आवरायला लागला. जीपला दुसऱ्या गाडीचा गिअरबॉक्स बसला आणि ती विकली गेली. म्हस्कूने परत स्टिअरिंगला हात लावला नाही. मोडीत द्यायला मला वेगळं काढलं होतं, पण त्याने नको म्हटलं. मला उचलून आणून लिंबाखाली ठेवलं आणि खाली घोंगड्याचा तो दांडीवरून ओरबाडलेला तुकडा अंथरला.

मी काही मोठा उपदेशक नाही, मित्रांनो. एक जुनं धूड आहे. पण एक मागणं आहे. गाडी असो, गाय असो, घरातलं म्हातारं माणूस असो, काही वेगळं ऐकू आलं तर त्याच्या माणसाला जाऊन सांगा. "त्यांना कळतंच की" असं म्हणून गप्प बसू नका. आणि त्याला तुमचं ऐकू येत नसेल, तर जवळ जा आणि त्याचा हात धरून जिथे दुखतंय तिथे ठेवा. इंद्रायणीला ते सुचलं, म्हणून त्या सगळ्या बाया आज आहेत. माझ्यापर्यंत मात्र ती जरा उशिरा पोहोचली.

मध्यंतरी इंद्रायणीने त्याला जालन्याला नेऊन कानाला यंत्र बसवून आणलं. आधी तो ते खिशातच ठेवायचा. आता घालतो. कोंबडीचं ओरडणं ऐकून परवा हसला. संध्याकाळी तो माझ्याजवळ येऊन बसतो आणि इकडेतिकडे कुणी नाही असं बघून, पूर्वीसारखा आडवा होऊन, माझ्या अंगाला कान लावतो.

"बोल बापा," म्हणतो. "आता येतं मला ऐकू."

मी काय बोलणार? माझ्या पोटात तेल नाही, पुढे इंजिन नाही, फिरायला चाक नाही. तो बराच वेळ तसाच पडून राहतो. मग इंद्रायणी त्याला जेवायला हाक मारते आणि ती हाक त्याला पहिल्याच खेपेला ऐकू जाते.